पिवळ्या दोऱ्याचा भरवसा

डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "प्युपिल पिनपॉइंट." प्युपिल म्हणजे डोळ्यातली बाहुली. माझ्या दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मग त्यांनी वाकून माझ्या छातीजवळ नाक आणलं, वास घेतला आणि नर्सला सांगितलं, "ऑर्गनोफॉस्फेट पॉयझनिंग."

पहिला शब्द मला कळला नाही. दुसरा कळला. पॉयझन म्हणजे विष, एवढं चौथी शिकलेल्या माणसालाही समजतं.

"चाचा, सच बोलो. क्या पिये?" बाईंनी विचारलं.

मी मान हलवली. काही नाही.

"कुछ छिड़के? हाथ लगाए?"

पुन्हा मान हलवली. काही नाही.

हे मी खोटं सांगितलं. पुढचं सगळं या एका खोट्यावरून झालं, म्हणून ते आधीच लिहून टाकतो. मला सगळं ठाऊक होतं. पण ते बोलायचं तर माझी सून रेखा समोर उभी होती, आणि तिच्यासमोर मला ते बोलायचं नव्हतं.

रेखाच पुढे झाली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. "मॅडम, हे यांचं दुपारचं बनियन. याला वास येतोय. वाळवीचं औषध असेल. मीच आणलं होतं, पण माळ्यावर ठेवलं होतं. आता तिथे बाटली नाही." मग तिने मोबाइल दाखवला. दवाखान्यात येता येता रिक्षा थांबवून ती औषधाच्या त्याच दुकानात शिरली होती आणि तसल्याच दुसऱ्या बाटलीच्या लेबलाचा फोटो काढून आणला होता.

बाईंनी फोटो पाहिला. रेखाकडे पाहिलं. "तुम लाए थे? घर में झगड़ा हुआ था क्या?"

"हौ," रेखा म्हणाली. "परवा झाला होता."

ती खोटं बोलली नाही. मी बोललो होतो.

आता मी कोण ते सांगतो. बेगम बाजारात मिरचीच्या आडतीवर मी चाळीस वर्षं पारखी होतो. गोणीत हात घालायचा, एक मिरची काढायची, उजव्या अंगठ्याच्या नखाने चिरायची, तळहातावर चोळायची, हुंगायची आणि सांगायचं, हा माल कुठे जाईल. त्यासाठी ते एक नख मी वाढवलेलं होतं. बाजारात लोक म्हणायचे, यांच्या हाताला विचारा.

गोदामातले निम्मे हमाल तेलुगू, काही उर्दूवाले, दोन-चार आपले मराठी. वाचणारे थोडे. म्हणून मीच एक पद्धत घातली. गोणीच्या तोंडाला लाल दोरा बांधला तर माल जहाल, नाकातोंडाला फडकं बांधा, हाताला तेल लावा. पांढरा दोरा म्हणजे डागी माल, बाजूला ठेवा. आणि पिवळा दोरा म्हणजे रंगाची मिरची, तिखट कमी, उघड्या हाताने उपसा, काही होत नाही. त्या दोऱ्यांवर चाळीस वर्षं गोदाम चाललं. कुणाच्या डोळ्याला इजा झाली नाही. याचा मला गर्व होता, अजूनही थोडा आहे.

आमच्या काचीगुड्याच्या घरात माझ्या दिवाणाला वाळवी लागली. रेखा औषध आणून म्हणाली, "नाना, रविवारी माणूस बोलावते. तो मोजे-बिजे घालून लावील. तुम्ही हात लावू नका."

मी म्हणालो, "माझ्या दिवाणाला माणूस कशाला? मला हात नाहीत?"

"हात आहेत, पण ते विष आहे. दुकानदार बोलला."

"तू मला शिकवणार विष काय असतं?"

असं वाढत गेलं. जिन्यात उभा राहून मी बोललो, "या घरात आता माझी गरजच उरलेली नाही." शेजाऱ्यांनी ऐकलं. मला ते ऐकवायचंच होतं. रेखाने बाटली माळ्यावर टाकली आणि विषय बंद केला.

दोन दिवसांनी ती बाजारात गेली. माझा मुलगा दिलीप सिकंदराबादला, रेल्वेत ड्यूटीवर. मी स्टूल घेतलं आणि बाटली काढली. लेबलवरची अक्षरं मुंगीएवढी, त्यात इंग्रजी. पण एक चौकोन होता, कोपऱ्यावर उभा केलेला, आणि त्याचा खालचा अर्धा भाग पिवळाधमक. मी मनात म्हटलं, पिवळा. म्हणजे उघड्या हाताने चालतं.

हसू नका. तुमच्यापैकी कुणी चाळीस वर्षं एकाच खुणेवर चालला असेल, त्याला विचारा.

दिवाणाच्या फळ्या गच्चीवर नेल्या. पाणी घातलं तर जोर जातो, म्हणून पाणी घातलं नाही. अंगात बनियन, पायात काही नाही. जुन्या धोतराचं फडकं औषधात बुडवून फळ्या पुसायला घेतल्या. भेगांमध्ये नखाने आत ढकललं. मधेच तळहातावर चोळून हुंगलंही, माल कसा आहे ते बघायला. रॉकेलसारखा, त्यात लसणाची झाक असलेला वास. अंगावर सांडलं, बनियन ओलं झालं, वाऱ्याने वाळलं. बाटली आणि फडकं पाण्याच्या टाकीमागे लपवलं, नळाखाली हात खळबळले आणि त्याच बनियनवर जेवायला बसलो.

दुपारच्या चहाला घाम सुटला. मग तोंडाला पाणी, थुंकून थुंकून बेजार. डोळ्यांतून धार, नाकातून धार. पोटात पीळ पडला, जुलाब झाले. समोरचं घड्याळ दिसेना. मांडीचं मांस आपोआप फडफडायला लागलं, जसं उन्हात घोड्याचं अंग फडफडतं. रेखा धावत आली तर मी तिला काय म्हणालो? "तुझ्या भाजीत काय होतं?"

तिने मला उठवून बसवलं. माझं बनियन उतरवलं, नाकाशी नेलं, पिशवीत कोंबलं आणि रिक्षा बोलावली.

हे एवढ्यासाठी सांगतो की माझी लक्षणं नीट वाचा. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, जुलाब, बारीक बाहुल्या, स्नायू फडफडणं. हे सगळं एकदम आलं तर ऊन लागलं, बाहेरचं खाल्लं असं म्हणत बसू नका. आणि औषध प्यायलेलं असलंच पाहिजे असंही नाही. ते कातडीतूनही आत शिरतं. मला कातडीतूनच चढलं.

दवाखान्यात आधी मला धुतलं. दोन वॉर्डबॉय, साबण, पाणी, पुन्हा साबण. केस, कानामागे, बेंबी, बोटांच्या फटी. या वयात परक्या माणसांनी उघडं करून घासावं, या लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेलुगूत आजोबांना हाक मारावी तसा वॉर्डबॉय म्हणाला, "ताता, शरमाओ मत. जितना धोते उतना बचते." मग नर्सने माझा उजवा अंगठा धरला, नखाखाली पाहिलं आणि कात्रीने नख उडवलं. मी हात मागे ओढला, पण हातात जोर नव्हता.

मग ॲट्रोपिन सुरू झालं. हे त्या विषाचे चाळे थांबवणारं इंजेक्शन. बाईंनी मला पुढे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. नसेने स्नायूला, आतड्याला, ग्रंथीला निरोप धाडला की काम होतं आणि तो निरोप लगेच पुसला जातो. पुसणाऱ्या द्रव्याचं नाव कोलिनेस्टरेज. हे विष त्या पुसणाऱ्याचेच हात बांधून ठेवतं. मग घाम आण, लाळ आण, आतडं पिळ, हा निरोप चालूच राहतो. छातीत पाणी भरून माणूस कोरड्या खाटेवर बुडतो. कोलिनेस्टरेज किती उरलंय ते रक्त तपासून कळतं. माझं फार उतरलं होतं. त्या पुसणाऱ्याचे हात सोडवायला दुसरं इंजेक्शन देतात, त्याला ते लोक पॅम म्हणतात.

ॲट्रोपिनने तोंड वाळूसारखं झालं, अंग लालबुंद, आणि डोकं गेलं. दोन दिवस मी कुठे होतो मला माहीत नाही. दिलीप सांगतो, मी चादर चिमटीत धरून उचलत होतो, नसलेलं काहीतरी चिरून हुंगत होतो आणि ओरडत होतो, "पिवळा काढ! लाल बांध, लाल बांध!" नर्सने हातांना पट्टी बांधली. दिलीपला वाटलं म्हातारा गोदामात पोचला. पोचलो होतो खरा. पण जे शुद्धीत असताना बोलायला हवं होतं तेच मी ओरडत होतो, आणि ते कुणाला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माणसं ओळखू यायला लागली. माझी मुलगी मंगल उशाशी होती. ती सिकंदराबादला नांदते. तिचे डोळे सुजलेले.

"नाना, काय केलंत हे? मला एक फोन तरी करायचा."

मी खुणेने पाणी मागितलं. तिने ओला कापूस ओठाला लावला.

"आता त्या घरी जायचं नाही. माझ्याकडे यायचं. तिने विष आणून ठेवलं, आणि तुम्ही..." ती रडायला लागली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दाराकडे पाहिलं. दाराच्या काचेपलीकडे रेखा उभी होती, हातात डबा. आत येत नव्हती. मंगल तिला आत येऊ देत नव्हती. दिलीप दोघींच्या मधे बाकावर, मान खाली घालून. असं तीन दिवस चाललं होतं. जिन्यातल्या शेजाऱ्यांनी माझं ते वाक्य सगळ्यांना सांगितलं होतं. पोलिसांनी रेखाचा जबाब घेतला होता. विषाची केस दवाखान्यात आली की पोलिसांना कळवावंच लागतं, तो नियम आहे. पण तिला पोलिसांसमोर कुणी बसवलं? मी.

डॉक्टरीणबाई आल्या. "चाचा, सर उठाओ. तकिए से ऊपर. पकड़ के रखो."

हे दर दोन तासांनी असायचं. पहिला झटका गेला म्हणजे सुटलो असं नसतं. एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. त्याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात, म्हणजे मधलं दुखणं. सुरुवात मानेपासून होते, म्हणून मान उचलायला लावतात. उचलता आली नाही तर नळी घालून मशीन लावतात. मशीन माझ्या बाजूलाच उभं होतं.

मी मान उचलली. ती थरथरली आणि पडली.

"फिरसे."

पुन्हा उचलली. या वेळी दाराच्या काचेकडे बघत धरून ठेवली. बाई म्हणाल्या, "शाबाश. अब बोल सकते?"

त्याच वेळी हवालदार आला. माझा जबाब घ्यायला बाईंनीच त्याला बोलावलं होतं. पन्नाशीचा, जाड भिंगांचा माणूस. स्टूल ओढून बसला.

"चाचा, आराम से. कोई पिलाया क्या? नहीं तो परेशान होके आपही पिये?"

"पिया नहीं," मी म्हणालो. आवाज कावळ्यासारखा. "हाथ से लगाया. लकड़ी को."

"दस्ताने?"

"नक्को बोल्या मैं."

त्याने मंगलकडे पाहिलं. मंगल माझ्यावर वाकली. "नाना, घरची अब्रू राखायला खोटं बोलू नका. तुम्हाला मी ओळखते. तुम्ही मराल पण घरातली गोष्ट बाहेर सांगणार नाही."

बघा, काय झालं. जन्मभर मी जो ताठा मिरवला, त्यामुळे माझं खरंही पोरीला खरं वाटेना. हवालदारानेही पेन थांबवलं.

"दिलीपला सांग," मी म्हणालो, "टाकीमागे बघ. बाटली आहे. फडकं आहे. फळ्या गच्चीवर आहेत, त्या हुंग."

"पण तुम्ही उघड्या हाताने का लावाल? तुम्हाला कळत नाही का?"

आता ते बोलायचं होतं. दाराबाहेर रेखा, आत पोलीस, डॉक्टरीण, नर्स, पोटची पोर. मी डोळे मिटले नाहीत.

"बाटलीवर पिवळा रंग होता, मंगल."

ती पाच-सहा वर्षांची असताना सुट्टीच्या दिवशी मी तिला गोदामात न्यायचो. गोण्यांना दोरे तीच बांधायची. लाल गोणीजवळ गेली तर मी ओरडायचो. पिवळ्या गोणीत ती कोपरापर्यंत हात घालून खेळायची.

"पिवळ्याला हात लावू द्यायचात तुम्ही," ती हळू आवाजात म्हणाली.

"हां. तेच. मला वाटलं तसलंच काही. रेखाने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. लपून बाटली काढली. या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा सांगितलं नाही. चुकलो."

हा शब्द मी बाजारात कधी उच्चारला नव्हता, घरात तर नाहीच. हवालदाराने चष्मा पुसला आणि हिंदीतच लिहायला लागला. मंगल उठली, दाराशी गेली. काचेपलीकडे दोघींचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं की मंगलने रेखाच्या हातातला डबा घेतला आणि दुसऱ्या हाताने तिला आत ओढलं.

रेखा खाटेजवळ आली. मी म्हणालो, "भाजीत काही नव्हतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "दोडका होता."

नर्स हसली. मग मंगलही रडता रडता हसली. हवालदाराने कागद पुढे केला. अंगठा नको म्हणालो, सही केली. मराठीत. वाकडी आली, पण माझी आहे.

दिलीपने संध्याकाळी बाटली आणली. पिशवीत पिशवी, त्यात पिशवी, असं रेखाने बजावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी लेबल माझ्यासमोर धरलं आणि त्या चौकोनाचा अर्थ सांगितला. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्याच्या खालोखाल पिवळा, तोही अतिविषारी. मग निळा, मध्यम. शेवटी हिरवा, त्यातल्या त्यात कमी. किती थोड्या मात्रेने जनावर मरतं, तोंडाने गेलं तर किती, कातडीतून गेलं तर किती, हे उंदरांवर वगैरे बघून ही वर्गवारी करतात. मी विचारलं, "मग हिरवं हाताने चालतं का?" बाई म्हणाल्या, "चाचा, चारों में से एक भी हाथ से नहीं." तो रंग तुमचा हात किती मुरलेला आहे ते विचारत नाही. आणि त्यात मी पाणी न घालता वापरलं होतं.

मी म्हणालो, "उंदीर आमच्या लाल दोऱ्याच्या गोण्या कुरतडायचे, त्यांना काही व्हायचं नाही." बाई म्हणाल्या, "इसीलिए तो तुम्हारा डोरा तुम्हारे गोदाम में ठीक था." हे मात्र मला पटलं. दोरा खोटा नव्हता. मी तो भलत्याच गोणीला बांधला.

मशीन लागलं नाही. मान रोज थोडी जास्त वेळ टिकायची. हट्टाचा आयुष्यात एवढा उपयोग कधी झाला नसेल. दहाव्या दिवशी घरी सोडलं. बाईंनी सांगितलं, दोन-तीन आठवड्यांनी पायात मुंग्या आल्या, चालताना पाऊल घासलं, तर लगेच यायचं. नसांवर याचा परिणाम उशिराही दिसतो. माझ्या तळपायाला थोड्या मुंग्या आल्या, मी मुकाट्याने गेलो. विचारायच्या आधी सगळं सांगितलं. काय खाल्लं, कशाला हात लावला, सगळं. बाई म्हणाल्या, "अब अच्छे पेशंट हो गए." मुंग्या कमी होत गेल्या.

तुमच्या घरी असं कुणाला झालं तर माझं एवढं ऐका. अंगावरचे कपडे आधी काढा, साबणाने धुवा, पण धुणाऱ्याने हातात मोजे घालावेत. बाटली किंवा तिचा फोटो बरोबर न्या. आणि आजारी माणसा, तू शुद्धीत असशील तर डॉक्टरला खरं सांग. तुझ्या गप्प बसण्याने दुसऱ्याच्या गळ्याला फास लागतो.

आता मी लोखंडी खाटेवर झोपतो. त्या फळ्या दिलीपने वाळवीच्या कामाच्या माणसाला बोलावून घराबाहेर हलवल्या. फिनेल, संडासाचं ॲसिड, डासांचं औषध, सगळ्या बाटल्यांच्या मानेला मी लाल दोरा बांधला आहे. रेखा म्हणते, "नाना, फिनेलला पण?" मी म्हणतो, हौ, फिनेलला पण. नख पुन्हा वाढतं, रविवारी रेखा कापते. गेल्या महिन्यात गोदामातून एक जण मिरचीचा नमुना घेऊन आला, तो मी चाकूने चिरला. अंदाज बरोबर आला.

हे लिहून झाल्यावर रेखाला वाचायला दिलं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, तिची शाळा तेलुगू. सगळं वाचून ती म्हणाली, "नाना, ते दवाखान्यात खोटं बोलल्याचं काढून टाका. लोक काय म्हणतील तुम्हाला?"

मी म्हणालो, "म्हातारा चुकला म्हणतील. राहू दे."